पाचव्या मतदारसंघातली माझी सही

५ ऑक्टो., सोमवार
मतपत्रिका आल्या. ईमेलने. एक गौरीची, एक माझी. माझी तिने घरीच छापली. लेकीच्या संसारात राहते मी सिंगापुरात, वुडलँड्सला, अकराव्या मजल्यावर, खिडकीतून पुलावरची पलीकडे जोहोरला जाणारी गाड्यांची रांग बघत. पण नागरिकत्व दोघींचंही अमेरिकेचंच राहिलंय, म्हणजे मत तिकडचं, जुन्या घराच्या पत्त्यावरचं. आठ मतदारसंघांचं राज्य, आपला पाचवा.

आणि पाचव्यात अमेरिकेच्या संसदेला उभी कोण, तर के.! आपली केतकी. आमच्या तळघरात मी रविवारी मराठी शाळा भरवायची, तेव्हा पिंगपाँगच्या टेबलाखाली लपून बसायची ती. नाव वाचून छापील कागदावर हात फिरवला. ह्यांना दाखवायला हवं होतं.

गौरी कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत मत देऊन मोकळी. आई, तूही असंच दे, म्हणाली. मला कागदच हवा. ज्याला हात लावता येत नाही ते मत कसलं.

८ ऑक्टो., गुरु.
तनूने (नात, इयत्ता दुसरी) राज्याचा नकाशा काढून फ्रीजवर लावला. आठही म.सं. पेन्सिलीने. निकाल लागेल तसे रंगवायचे. जुनाच खासदार राहिला तर हिरवा, नवा आला तर केशरी. पाचवा इतका वेडावाकडा की ती म्हणाली, "आज्जी, दिस वन लुक्स लाइक चकली, लाह." मराठीत बोल, ते इथलं शेपटीचं लाह नको, म्हटलं तर नकाशाच काढून न्यायला निघाली. घाबरून विषय बदलला.

हिला मराठी लिहायला बसवणं म्हणजे मांजराला आंघोळ. केतकीही अशीच होती, बाई. तिच्यासाठीच मी तळघरात नियम काढला होता: आधी मराठीत सही करा, मग लाडू घ्या. पाटीवर सही दिसली नाही तर डबा उघडायचा नाही. सहाव्या रविवारी टेबलाखालून हात बाहेर आला. खडू मागायला.

तनूला तोच नियम लावून बघितला. म्हणाली, मला लाडू आवडतच नाहीत. खोटारडी.

११ ऑक्टो., रवि.
गौरीने के.च्या सभेचा व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा शाळेच्या जिममध्ये, बाहेर बर्फ. कुणीतरी विचारलं, तू आमच्यातली कशी? ही म्हणाली (इंग्रजीतच), मला सही करायला एका काकूंनी शिकवलं, माझ्या आईच्या लिपीत, आणि सही केली की शब्द पाळायचा हेही त्यांनीच शिकवलं. मग फळ्यावर जाऊन मराठीत केतकी लिहिलं. टाळ्या.

मी रडले. जावईबापूंनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला. गुणी आहेत.

मग मतपत्रिका घेऊन बसले. के.च्या नावापुढचा गोल असा काळा केला की कागद फाटायचाच बाकी. पाकिटावर सही. एरवी इंग्रजीतली करते, पण आज ते शक्यच नव्हतं. पोरीने भर सभेत शब्द पाळला आणि काकूने नाही? ठसठशीत मराठीत केली. सुलभा वसंत क्षीरसागर. खाली रेघ, दोन टिंबं. वा.

१२ ऑक्टो., सोम.
पोस्टात स्वतः गेले. काउंटरवरच्या मुलीला सांगितलं, हे मत आहे, जपून. तिने पाकीट दोन्ही हातांनी घेतलं. परत येताना कोपी (इथली कॉफी) पिऊन साजरं केलं.

२९ ऑक्टो., गुरु.
आज मी एका भामट्याला हरवलं!

सकाळी फोनवर मेसेज. म्हणे निवडणूक कार्यालयातून. तुमची सही जुळत नाही, ह्या दुव्यावर जा, ओळखपत्राचा फोटो पाठवा. अगदी हेच, अगदी अस्संच कम्युनिटी सेंटरच्या व्याख्यानात सांगितलं होतं: घाई करतील, दुवा देतील, ओळखपत्र मागतील. लिफ्टमध्ये तर रोज त्याचंच पोस्टर वाचत वर येते. मेसेज पुसला. नंबर ब्लॉक केला. दुसऱ्या नंबरवरून आला, तोही ब्लॉक केला.

शेजारच्या रोहानाबाईंना लगेच सांगितलं. त्यांच्या बहिणीला अशाच एकाने रडवलंय. त्यांनी माझी पाठ थोपटली आणि केळ्याची भजी दिली. गौरीला सांगितलं नाही, उगाच म्हणेल आई कसल्या कसल्या मेसेजला उत्तरं देत बसते.

४ नोव्हें., बुध.
तिकडे मंगळवारची संध्याकाळ, इथे सकाळचे दहा. गौरीने रजा टाकलेली. मी चकलीचा सोऱ्या धरलेला, ती लॅपटॉप, तनू शाळेत पण रंग काढून ठेवून गेलेली.

पहिला गेला जुन्याकडे. दुसरा, तिसराही. चौथ्यात नवीन माणूस, मी ओरडले तर चकली तुटली. तो कोण कुठला, आपला काही संबंध नाही, पण नवा आला याचाच आनंद. सहावा, सातवा, आठवा दुपारपर्यंत आटोपले.

पाचवा काही हलेना. के. पुढे, मग मागे, मग पुढे. चकल्यांचा एक घाणा करपला. जावयांनी ऑफिसातून चारदा फोन केला, एरवी मला चार महिन्यांत करत नाहीत.

संध्याकाळी तनूने सात म.सं. रंगवले. पाचवा कोरा.

६ नोव्हें., शुक्र. धनत्रयोदशी
अजून मोजताहेत. टपालाची मतं, परदेशातली मतं. "ह्यात तुझंही असेल," गौरी म्हणाली. अंगावर मूठभर मांस चढलं. फरक म्हणे शे-दोनशेवर आलाय, आणि के. मागे आहे.

रोहानाबाई फ्रीजसमोर उभ्या राहून चौकशी करून गेल्या. त्यांना आता आठही तोंडपाठ.

८ नोव्हें., रवि. लक्ष्मीपूजन
पूजा आटोपून लिहायला बसलेय.

सकाळी अकराला पणत्या पुसत होते. गौरीच्या फोनवर के. स्वतः. मला वाटलं दिवाळीच्या शुभेच्छा. आवाज बसलेला पोरीचा. म्हणाली, सह्या न जुळल्यामुळे बाजूला ठेवलेल्या मतांची यादी मिळाली आहे, प्रचारातले सगळेजण एकेकाला फोन करताहेत, ती स्वतःही करतेय. यादीतल्या पन्नासाव्या नावाला, म्हणजे माझ्या, थांबली.

"काकू, मराठीत सही केलीत ना?"

मी हो म्हटलं.

ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली की काय कोण जाणे. कार्यालयाने तुम्हाला दोनदा कळवलंय, म्हणाली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तो भामटा! दोन्ही भामटे सरकारी होते. शहाणी ती सुलभा, सरकारलाच ब्लॉक करून भजी खाल्ली.

दुरुस्तीची मुदत बुधवारपर्यंत. आमचा गुरुवार उजाडेपर्यंत.

लाजेने मेले. ज्या पोरीसाठी केलं तिच्याच आड आले. गौरी आधी खूप बोलली, ब्लॉक करायच्या आधी मला विचारता येत नव्हतं का, मग माझं तोंड बघून जवळ बसली. पूजा झाली, पण माझं लक्ष नव्हतं. देवीला सरळ सांगितलं, बये, यंदा धन राहू दे, एवढं एक मत घाल पदरात.

९ नोव्हें., सोम. (दिवाळी रविवारी आली म्हणून तिची सुट्टी आज)
फॉर्म साधा. पाकिटावरची सही तुमचीच का? हो. ओळखपत्राची प्रत जोडा. खाली सही करा.

ही सही मात्र त्यांच्या दप्तरी आहे तशीच, इंग्रजीतली. आणि ती मला येईना! सगळी कार्डाने नि अंगठ्याने चालणारी दुनिया, नीट सही केलीच नव्हती कित्येक वर्षं. ती सही मुळात ह्यांनी बसवून दिलेली. नागरिकत्वाच्या शपथविधीच्या आदल्या दिवशी जेवणाच्या टेबलावर बसून वर्तमानपत्राच्या समासात पन्नासदा गिरवून घेतली होती. एसला हंसासारखी मान काढ, सुलू. मी म्हणायची, मान कशाला, नाव वाचता आलं म्हणजे झालं.

पासपोर्ट उघडून समोर ठेवला. तीच मान.

मग काय विचारता, घरभर शाळा. मी गिरवतेय, गौरी गिरवतेय, जावई गिरवताहेत (त्यांची सगळ्यात हुबेहूब, माणसावर लक्ष ठेवायला हवं), रोहानाबाई फराळाचं ताट परत करायला आल्या त्याही बसल्या. त्यांना झाला प्रकार सांगितला. भजी परत द्या म्हणाल्या. इतकं हसलो की तनू खोलीतून बाहेर आली.

अकराव्यांदा मान जमली. हात आपोआप वळला, जणू बाजूला बसून कुणी मनगट धरलंय. लगेच फॉर्मवर केली. गौरीने फोटो काढला, जावयांनी दुव्यावर चढवला, सगळं तपासून. पाठवायचं बटण मला दाबू दिलं.

१३ नोव्हें., शुक्र.
पहाटे मेसेज. उघडायच्या आधी गौरीला उठवून नंबर दाखवला. आता चूक नाही.

मत स्वीकारलं.

दुपारी के.चा फोन. पाचव्यातला फरक शंभराच्या आत आलाय, कायद्याप्रमाणे सगळी मतं पुन्हा मोजायची. आठवडा तरी जाईल. कोण पुढे आहे ते तिने सांगितलं, पण मी इथे लिहीत नाही, दृष्ट लागते. मी पुन्हा माफी मागायला लागले तर मध्येच तोडलं.

"काकू, हरले तरी तुमचं मत मोजून हरेन."

लाडू पाठवते म्हटलं. आधी सही करायला लावाल, म्हणाली.

संध्याकाळी तनू फ्रीजसमोर केशरी खडू घेऊन. पाचवा रंगवू का, आज्जी? मी म्हटलं नाही, थांबायचं. किती थांबायचं, तिने विचारलं. अजून थांबायचं, म्हटलं. ती बराच वेळ उभी होती. मी भांडी लावत होते, पाठ तिच्याकडे.

वळले तर डब्याचं झाकण उघडं, तोंडात लाडू, आणि कोऱ्या चकलीच्या मधोमध पेन्सिलीने, वेलांटी भलत्याच बाजूला: तन्वी.

पुसलं नाही. रंग निकालानंतर वरून देऊ.