रत्नाकर कुलकर्णी अंदमानला निघतात

३ नोव्हेंबर, सोमवार
ठरलं. जानेवारीत अंदमान. मी, प्रमोदिनी, अनय आणि सूनबाई लावण्या. रेल्वेतून निवृत्त झालो म्हणून काय तांबरमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत कुजत बसायचं? स्कूबा, कयाकिंग, डोंगर चढणं, सगळं करायचं. पोहता येत नाही, पण नाव रत्नाकर आहे, म्हणजे समुद्रच. प्रमोदिनीला सांगितलं. ती शेवग्याच्या शेंगा सोलत होती. ‘बरं’ म्हणाली. एवढा उत्साह तिने बऱ्याच वर्षांत दाखवला नव्हता. अनयला सिरुसेरीला ऑफिसात फोन केला. मीटिंगमध्ये होता. ‘बघतो, बाबा’ म्हणाला. म्हणजे येतोय.

८ नोव्हेंबर, शनिवार
टी. नगरमधून ट्रेकिंगचे बूट आणले. थोडे घट्ट आहेत. वापरून सैल होतात, असं दुकानदार म्हणाला. पाण्यात घालायचा मास्कही आणला. बादलीत तोंड बुडवून टेस्ट केला. नाकात पाणी गेलं. मास्क डिफेक्टिव्ह.

१६ नोव्हेंबर, रविवार
पोहण्याचा क्लास. कोच हरिप्रसाद म्हणाला, अंकल, आधी पाण्यात तोंड घाला. मी म्हटलं, मला थिअरी माहीत आहे. त्याने मला लहान मुलांत उभं केलं. शेजारची चिमुरडी तमिळमध्ये म्हणाली, ‘तात्ता, बयपडादींगा.’ आजोबा, घाबरू नका! मी घाबरलो नव्हतो. पाणी गार होतं.

संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर टाइमटेबल टाकलं. पहाटे उठणं, सूर्योदय, नाश्ता, कयाक. बाथरूमच्या वेळासुद्धा वाटून दिल्या, म्हणजे भांडण नको. रात्री पाहिलं तर लावण्या ग्रुपमधून बाहेर. चुकून हात लागला असेल.

२३ नोव्हेंबर, रविवार
अनय येऊन गेला. लावण्या खाली गाडीतच बसून राहिली. तिला वर यायचा कंटाळा.

अनय म्हणाला, बाबा, तुम्ही काही आखू नका. का, विचारलं. म्हणाला, कोडाईकनाल आठवतं ना? आठवतं की! लावण्याने हॉटेलातून निघायला उशीर केला, मी लॉबीत चार लोकांसमोर तिला वेळेचं महत्त्व सांगितलं. ती रडली. तो तिचा स्वभाव. पुढचा सगळा प्रोग्राम मात्र वेळेवर झाला, हे कुणाच्याच लक्षात नाही.

हे सगळं त्याला सांगितलं. तो उठला. मग आईने दिलेला डबा घेऊन निघाला. पटलं असणार.

३ डिसेंबर, बुधवार
पाऊस. गल्लीत पाणी. स्विमिंग पूल बंद. नाहीतर या आठवड्यात पोहायला आलंच असतं. बुटांमुळे अंगठ्याचं नख काळं पडलंय. प्रमोदिनी म्हणाली, मग घालू नका. साधी माणसं अशीच अर्ध्यावर सोडतात.

१४ डिसेंबर, रविवार
दुपारी प्रमोदिनी समोर येऊन बसली. म्हणाली, मी अंदमानला चाललेय.

म्हटलं, आपण चाललोय.

नाही, म्हणाली. अनयने तीन तिकिटं काढलीत. त्याचं, लावण्याचं, माझं. मीच सांगितलं त्याला.

मी टाइमटेबल थोडं सैल करायची तयारी दाखवली. सूर्योदयसुद्धा ऐच्छिक ठेवतो म्हटलं. ती म्हणाली, अहो, टाइमटेबलच नाहीये. मग पदराशी चाळा करत, खाली बघून म्हणाली, ‘मला एकदा कुणी घाई न करता समुद्र बघायचाय.’

इथे मरीना बीचवर किती वेळा नेलंय तिला! प्रत्येक वेळी अर्धा तास.

रागावलो नाही. उलट बरंच झालं. घर बंद ठेवणं योग्य नाही. शिवाय कल्पना मुळात माझीच. मी इथून मार्गदर्शन करीन.

१५ जानेवारी, गुरुवार
पहाटे गेले. एअरपोर्टला सोडायला येतो म्हटलं. कॅब सांगितलीय, प्रमोदिनी म्हणाली. लावण्या वर आली होती, सासूची बॅग न्यायला. मला नमस्कार केला. लिफ्टमध्ये शिरल्यावर दोघी कशावर तरी हसल्या. दार बंद झाल्यावरही ऐकू येत होतं.

१८ जानेवारी, रविवार
अनयने ग्रुपवर फोटो टाकलाय. प्रमोदिनी पाण्यात. लाइफ जॅकेट, केस ओले, तोंड उघडं, मोठ्याने हसतेय. लावण्याने तिचा हात धरलाय. आधी ओळखलंच नाही. दुसऱ्याच कुणाचा फोटो वाटला.

ताबडतोब कळवलं: जॅकेटचा पट्टा सैल आहे. लक्ष द्या.

मग फोटो मोठा करून पाहिला. पट्टा घट्ट होता. मेसेज काढून टाकायला गेलो, तोवर अनय आणि प्रमोदिनी दोघांनीही वाचला होता. उत्तर नाही. नेटवर्क नसेल.

पुन्हा फोटो मोठा केला. या वेळी पट्टा नाही पाहिला.

सकाळचे आठ. चहा झाला, पेपर झाला. आता काय, ते लिहायला वही उघडली होती.