विमलबाईंचं काय झालं

भायखळा, मुंबई
१३ जानेवारी १९८०

चि. जमुनास,
अ. आ. व सप्रेम जयभीम. इकडे सर्व ठीक, तिकडचं कळवत जा.

तुझं पत्र मिळालं. वर्गातल्या पोरांनी फळ्यावर तुझं चित्र काढून खाली 'रोडरोलर' लिहिलं हे वाचून मला आधी हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं. शाळेची खुर्ची मोडली म्हणून तू दोन दिवस रजा टाकलीस? अगं, त्या खुर्च्या माझ्या वजनानंही मोडतील.

आता कामाचं. आमचे डॉक्टर परदेशातून जी शस्त्रक्रिया शिकून आलेत, तिच्याबद्दल तू विचारलंस. लहान आतडं वीसेक फूट लांब असतं. त्यातला बराचसा भाग बाजूला ठेवून दोन टोकं जोडून देतात. कापून टाकत नाहीत. मग खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही. तू आज एकशे बारा किलो आहेस, दोन वर्षांत सत्तरवर येशील. उपास, गोळ्या, सकाळचं चालणं, सगळं तुझं करून झालंय.

आधी कुणाचं केलंय का म्हणतेस, तर दोन वर्षांपूर्वी उरणच्या विमलबाई कोळणीचं केलं. मीच होते त्यांच्या खाटेजवळ. आता डोक्यावर मासळीची पाटी घेऊन धक्क्याच्या पायऱ्या चढतात. वाशीच्या डॉक्टरीणबाईंना विचारत बसू नकोस, त्यांना यातलं नवीन काही माहीत नसणार. मी नर्स आहे आणि तुझी बहीण आहे. आणखी काय हवं?

सुधीररावांना जयभीम. माझ्यावरची माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
काशी

वाशी
२७ एप्रिल १९८०

ती. काशीताईस,
स. जयभीम वि. वि.

ऑपरेशनला दोन महिने झाले. काल दवाखान्याच्या काट्यावर त्र्याण्णव भरले. सोसायटीतल्या बायका जिन्यात थांबवून विचारतात, काय खातेस गं? सगळे ब्लाउज आत घ्यायला टाकलेत. तुझ्या डॉक्टरांचे आभार मान.

पण ताई, एक विचारू? दिवसातून बारा-बारा वेळा जावं लागतं. तास अर्धा सोडून पळते. हेडमास्तर एकदा म्हणाले, बाई, तुमी रजा घ्या ना थोडी. चौदा एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमात पोरींचं गाणं मी बसवलं होतं आणि ते ऐकायला मीच मंडपात नव्हते. अंगाला वास येतो म्हणून सुधीर बाहेरच्या खोलीत झोपतात. गुडघे आणि बोटांची पेरं सुजतात. केस तर विंचरायची भीती वाटते.

विमलबाईंना असं झालं होतं का? किती दिवस चाललं? पाटी घेऊन चढतात म्हणजे त्यांचं थांबलं असणार. त्यांनी काय केलं तेवढं विचारून कळव.

तुझ्या दोन ओळींनी मला धीर येतो. त्या लवकर धाडाव्यात.
तुझी,
जमुना

भायखळा
५ मे १९८०

चि. जमुनास,
अ. आ. व जयभीम.

घाईत लिहिते, वॉर्ड भरलेला आहे. सुरुवातीला असं होतंच. विमलबाईंनाही व्हायचं, मग थांबलं. तेलकट कमी कर, केळं आणि मऊ भात खा, सोबत गोळ्या धाडल्यात. त्यांना पत्रबित्र पाठवू नकोस, त्यांना वाचता येत नाही. दुसऱ्या डॉक्टरलाही टाके दाखवत फिरू नकोस. एवढी बारीक झालीस, त्याचा आनंद मान की!

जपून राहा. आठवण ठेव.
काशी

वाशी
१९ ऑक्टोबर १९८०

काशीताईस,
जयभीम.

मी रविवारी उरणला जाऊन आले.

तुझ्या गोळ्यांनी फरक पडला नाही. आता वजन चौऱ्याहत्तर आहे. पंधरा दिवसांपूर्वी वर्गात चक्कर येऊन पडले. पोरांनीच उचललं, आता उचलता येते ना. डोळे पिवळे दिसायला लागले, तेव्हा वाटलं, पत्र वाचता येत नसेल तर स्वतः जाऊन विमलबाईंना विचारावं. पनवेलहून एसटीनं गेले. वाटेत दोनदा उतरावं लागलं. मासळीबाजारात नाव विचारलं तर पाट्या मांडून बसलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीनं घर दाखवलं.

दारात त्यांचे मालक तुळशीराम जाळं शिवत बसले होते. मी कोण ते सांगितलं, विमलबाई कुठं आहेत असं विचारलं. त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, बाय, ती तं दिवालीच्या आदीच गेली, साल होईल आता. तुमाला कोनी सांगितला नाय? डोले हलदीसारके झालते, पोट फुगलं, कलिज खराब झाला म्हनले. मग त्यांनीच सांगितलं, काशीसिस्टर लई चांगली हाय, शेवटपत्तर तिच्या उशाशी व्हती, तोंडात पानी पन तिनंच घातला.

विमलबाई मागच्या दिवाळीआधी गेल्या आणि जानेवारीत तू मला लिहिलंस की त्या पाटी घेऊन पायऱ्या चढतात. मे महिन्यात लिहिलंस की त्यांना होत होतं, मग थांबलं. तू दुसऱ्या कुणाला फसवलं असतंस तर मी म्हटलं असतं, नोकरीचा प्रश्न असेल. मला का?

तुळशीरामांनी मला चहा दिला. माझे डोळे बघून म्हणाले, बाय, तू मोट्या दवाखान्यात जा. जे तू सांगायला हवं होतंस ते मला परक्या माणसानं सांगितलं.

उत्तर दे. बाकी काही मागत नाही.
जमुना

भायखळा
२ नोव्हेंबर १९८०

चि. जमुनास,
काय लिहून सुरुवात करू कळत नाही.

गेल्या वर्षी डिसेंबरात सुधीरराव मला भेटायला आले होते. तुला सांगू नका म्हणाले. लग्नाला सात वर्षं झाली, मूल नाही, डॉक्टर म्हणतात वजनामुळे, आणि आता त्यांची आई ऐकत नाही, जमुनाला मंडणगडला माहेरी पाठवायचं ठरतंय असं सांगून गेले. मी घाबरले. तू माघारी येऊन बाबांच्या ओट्यावर बसलेली मला दिसायला लागलीस.

मी आमच्या डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, विमलबाईंचं लिव्हर आधीपासूनच कच्चं होतं, आता आपण आतडं थोडं जास्त लांब ठेवतो. मला ते खरं मानायचं होतं म्हणून मी मानलं. पण विमलबाई गेल्याचं सांगितलं तर तू टेबलावर चढणार नाहीस हे मला ठाऊक होतं. तेवढं ठाऊक असूनच मी तुला ते लिहिलं. मी मुद्दाम केलं, जमे.

मोठ्या सरकारी दवाखान्यात लवकर जा. जोडलेलं आतडं परत होतं तसं करता येतं. मी सोबत येऊ का?

रागावलीस तरी चालेल, पण पत्र बंद करू नकोस.
काशी

वाशी
८ मार्च १९८१

काशीताईस,
जयभीम. तुला कळायला हवं म्हणून लिहिते.

परळच्या दवाखान्यात दोन महिने काढले. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या खाटेवर बसून तासभर बोलल्या. आधी मला माझे जुने कागद वाचायला लावले. पहिल्या ऑपरेशनच्या कागदावर सही सुधीरची होती. मी शिक्षिका, आणि कुणी मला पेन दिलं नव्हतं. मी तरी कुठं मागितलं?

बाई म्हणाल्या, असंच राहिलात तर लिव्हर जाईल. परत जोडलं तर जीव वाचेल, पण वजन पुन्हा वाढेल, आणि दुसरं ऑपरेशनही धोक्याचंच, त्यातही माणसं जातात. परदेशात आता जठर लहान करायची शस्त्रक्रिया निघाली आहे, पण तिचं पुढं काय होतं ते अजून पुरतं कुणाला माहीत नाही, म्हणून आत्ता मी तुम्हाला सुचवणार नाही. आहार आणि चालणं यांनी हळूहळू थोडंच उतरेल, आणि तेवढं उतरलं तरी गुडघ्यांना आणि रक्तदाबाला पुरतं. मूल होईलच असं वजन उतरवूनही कुणी लिहून देऊ शकत नाही. माहीत नाही तिथं माहीत नाही असं सांगणारी डॉक्टर मी पहिल्यांदा बघितली.

सुधीरना विचारलं, तुम्ही डिसेंबरात ताईकडे गेला होतात? आधी नाही म्हणाले, मग मी तुझं पत्र त्यांच्यापुढं ठेवलं. म्हणाले, तुझ्या भल्यासाठीच गेलो ना. आणि वर म्हणाले, आता कुठं चारचौघींसारखी दिसतेस, सोस थोडं. ते सहीला आले नाहीत. सही मी केली.

अठरा जानेवारीला ऑपरेशन झालं. आता चार वेळा जाते. डोळे पांढरे झालेत. तू दोनदा येऊन वॉर्डाच्या दारातून परत गेलीस असं आयाबाई म्हणाल्या. तुला आत सोडू नका असं मीच त्यांना सांगून ठेवलं होतं.

एवढंच.
जमुना

वाशी
११ जुलै १९८२

काशीताईस,
जयभीम वि. वि.

काल संध्याकाळी दुर्गाबाई नावाच्या बाई मुलाला घेऊन आल्या. हातात तुझी चिठ्ठी होती. आमचे डॉक्टर हिचं ऑपरेशन करायचं म्हणतात, तू हिला सगळं सांग, माझंही नाव घेऊन सांग, असं तू लिहिलं होतंस. हे डॉक्टरांना कळलं तर तुझी नोकरी जाईल. ते मला समजतं.

मी त्यांना बसवलं. माझं वजन पुन्हा सत्त्याण्णव झालंय, तेही सांगितलं. रोज संध्याकाळी खाडीच्या बाजूला चालते, डबा मोजून भरते, गेल्या सहा महिन्यांत काटा वर गेलेला नाही. सुधीर त्यांच्या आईकडे गेले ते अजून तिकडेच आहेत. शाळेत मी खुर्ची बदलून घेतली, लाकडी, रुंद. दुर्गाबाईंनी सगळं ऐकून विचारलं की मग करू की नको. मी म्हटलं, ते मी नाही सांगणार. तुम्ही डॉक्टरांना विचारा की आधीच्या पेशंटांचं काय झालं, आणि त्यातल्या एकीला तरी स्वतः भेटा. मग विमलबाईंची सगळी हकिकत सांगितली. तू लिहिलंस तसं तुझं नावही घेतलं.

तू भेटायला येऊ का असं पाच पत्रांत विचारलंस. अजून नको. तू समोर बसून मला बरी आहेस ना विचारशील आणि मी तुझ्या तोंडाकडे बघून खरं-खोटं शोधत बसेन. ते मला अजून झेपणार नाही.

पण आणखी कुणी बाई आली तर तिला माझ्याकडे धाड. शाळा साडेपाचला सुटते, त्यानंतर मी घरी असते.
जमुना