बाटलीतल्या खड्यांचं पाणी

सिरोंचा
९ जुलै १९५७

ती. भाऊ यांस,
अन्नपूर्णेचा शि. सा. न. वि. वि.

इथे सर्व क्षेम असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, पण माझं डोकं फार फिरलं आहे. उन्हाळ्यात आमच्या शाळेत विज्ञानाच्या सामानाची पेटी आली. तिच्यात मॅग्नेशियम नायट्रेटची एक बाटली होती, काचेसारख्या पांढऱ्या खड्यांची. सातवीच्या मुलींना क्षार शिकवताना ती दाखवायची असं मी मनात धरलं होतं. पण आमचे हेडमास्तर गुणवंतराव यांनी पेटी आली त्याच दिवशी प्रत्येक बाटली उघडून हुंगली, बुचं कशीबशी बसवली आणि कपाटाला कुलूप लावलं. काल कपाट उघडलं तर बाटलीत खडा नाही, नुसतं पाणी.

गुणवंतरावांचं म्हणणं, खडे मी घरी नेले आणि पाणी भरून ठेवलं. सामान लावायला किल्ली काही दिवस माझ्याकडे होती, एवढाच त्यांचा आधार. मी सांगितलं की हा क्षार हवेतली ओल ओढतो आणि त्या ओलीतच विरघळून जातो. ते म्हणाले, दगड कधी पाणी पितो काय बाई? पुन्हा सांगितलं, तर चष्मा पुसत बसले. आता ते चांद्याच्या कचेरीत तक्रार धाडणार आहेत. माझी नोकरी अजून कायम झालेली नाही, हे तुम्ही जाणताच.

ते पाणी चुलीवर आटवून खडे परत काढीन म्हणते. हायस्कुलात मुलांना रसायन शिकवता, थोडं बहिणीलाही पुरवा.

मनकर्णावहिनींना नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या.

आपली
अन्नपूर्णा

---

चांदा
१६ जुलै १९५७

चि. अन्नपूर्णेस,
भैयाजीचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझ्या हेडमास्तरांचा राग आला, आणि मग तुझा. चुलीवर आटवू नको. या क्षाराच्या स्फटिकात मॅग्नेशियम नायट्रेटच्या एका रेणूला पाण्याचे सहा रेणू बांधलेले असतात. तापवला की आधी तो आपल्याच पाण्यात वितळतो, आणि आच वाढली की फुटतो. तांबूस धूर निघतो, तो विषारी आहे. खाली उरते मॅग्नेशियमची राख, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड. त्या राखेचे खडे पुन्हा होत नाहीत. शिवाय नायट्रेट स्वतः प्राणवायू सोडतं, म्हणून कागद, चिंध्या, लाकडाचा भुसा त्याच्याजवळ ठेवू नको. भडका उडायला वेळ लागत नाही. शोभेच्या दारूत ते घालतात ते याचसाठी.

आणि मुलींना सांग, ज्या खोडीपायी तू आरोपी झालीस तीच खोडी माणसाच्या कामी येते. पातळ नायट्रिक आम्लातलं पाणी ओढून ते तीव्र करायला हाच क्षार वापरता येतो. पिकाला तो खत म्हणून चालतो. नायट्रेटमधून नत्र मिळतं, आणि मॅग्नेशियमशिवाय पानाला हिरवा रंग धरत नाही.

वहिनी म्हणते, एवढा मनस्ताप कशाले, पोरीले घरी बोलवा. नाल्यांना पूर आहे म्हणतात, पत्र लवकर पोचो.

तुझा
भैयाजी

---

सिरोंचा
२० जुलै १९५७

ती. भाऊ यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं उत्तर नाही. वाटेतले नाले भरल्यामुळे टपाल अडकलं आहे म्हणतात. तुम्ही मला थांबवलं नाही, म्हणून अर्धं पाणी लोखंडी पळीत घेऊन शाळेच्या पडवीतल्या चुलीवर ठेवलं. गुणवंतरावांना मुद्दाम उभं केलं होतं. पाणी आटलं, जाडसर झालं, खडे आता दिसतील म्हणून मी आच वाढवली. तर तांबडा धूर! माझा घसा धरला, मुली ओरडत अंगणात पळाल्या, आणि पळीत पांढरी भुकटी राहिली. गुणवंतराव नाकाला उपरणं लावून म्हणाले, हा तर चुना आहे. म्हणजे आता मी खडे चोरून बाटलीत चुन्याचं पाणी भरलं, असं ठरलं. तक्रार त्याच दिवशी गेली.

मला रडू आलं नाही, भाऊ, दात खाऊन जबडा दुखला. जे खरं आहे ते मला माहीत आहे, आणि ते खरं करून दाखवायला गेले की माझ्याच हातून खोटं ठरतं. राहिलेलं अर्धं मी कुणाला शिवू देत नाही.

वहिनींना यातलं काही सांगू नका, त्या परत बोलवतील.

त्रासलेली, पण आपलीच
अन्नपूर्णा

---

चांदा
१ ऑगस्ट १९५७

चि. अन्नपूर्णेस,
आशीर्वाद.

तुझं पत्र आज आलं. माझं तुला केव्हा मिळालं, देव जाणे. तुझा घसा कसा आहे ते आधी कळव. ती पांढरी भुकटी चुना नव्हे, मॅग्नेशिया. आंबट ढेकरांवर डॉक्टर तीच देतात. तुझ्या हेडमास्तरांना मी एक पुडी धाडली असती.

आता माझं ऐक. उरलेलं पाणी चिनी मातीच्या बशीत घे. बशी उकळत्या पाण्याच्या गंजावर ठेव, ढोकळा वाफवतात तशी. थेट आच नको. वर साय धरू लागली की उतरव. एका घट्ट झाकणाच्या डब्यात खाली कळीचा चुना पसर, पाणी न लागलेला, ताजा भाजलेला. त्यावर वाटी उपडी घालून तिच्यावर बशी ठेव आणि झाकणाची फट कणकेने बुजव. हवेतली ओल चुना पिईल, क्षाराला मिळणार नाही. मग वाट पाहा. तेवढं तुझ्याच्यानं होत नाही, लहानपणापासून.

वहिनीला सगळं सांगितलं, लपवणं मला जमलं नाही. ऐकून ती म्हणाली, आता ते खडे निघाल्याशिवाय अन्नपूर्णाले घरी येऊ नका देऊ.

तुझा
भैयाजी

---

सिरोंचा
२४ ऑगस्ट १९५७

ती. भाऊ आणि सौ. वहिनी यांस,
अन्नपूर्णेचा शि. सा. न. वि. वि.

घसा बरा आहे. खडे निघाले. डबा कितीदा उघडावासा वाटला, पण उघडला नाही. बशीच्या तळाशी दाणेच दाणे, काचेसारखे. वर्गात सगळ्यांसमोर ते बशीत मोकळे ठेवले आणि गुणवंतरावांना खुर्ची दिली. बाहेर झड लागली होती. आधी दाण्यांच्या कडा चमकू लागल्या, मग ते एकमेकांना चिकटले, आणि शाळा सुटायच्या वेळी बशीत थेंब हलत होते. मल्लक्का नावाची एक तेलुगू मुलगी पुढे वाकून म्हणाली, "बाई, नीळ्ळु." म्हणजे पाणी.

गुणवंतरावांनी बशी तिरकी करून थेंब हलवून पाहिले. मला वाटलं, आता चुकलो म्हणतील. ते म्हणाले, "मग हे आधीच काऊन नाई सांगितलं तुम्ही?"

भाऊ, तक्रार मागे घेता येत नाही म्हणतात, म्हणून त्यांनी कचेरीला दुसरा कागद धाडला: हरवलेली वस्तू सापडली. म्हणजे नोकरी राहील, पण कागदावर मी ती हरवलीच. किल्ली मात्र माझ्या हातात दिली. त्या संध्याकाळी मी इतकी संतापले होते की जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी मल्लक्का आईला घेऊन आली. पोरीने वाटीत घरचं जाडं मीठ आणलं होतं, ओलं गच्च. मी सांगितलं की या मिठातही मॅग्नेशियमचा एक भाऊबंद असतो, मॅग्नेशियम क्लोराइड, तोही असाच ओल ओढतो. आईला मराठी कमी येतं, म्हणून मल्लक्काने तेलुगूत समजावलं. मग मला म्हणाली, मागच्या पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सांडलं म्हणून आईने मारलं होतं, आणि मी सांडलं नव्हतं.

आईने मिठात बोट घातलं, पाहिलं, आणि पोरीच्या पाठीवर हात ठेवला. तिथेच, माझ्या वर्गात, तेलुगूत काही बोलली. मी विचारलं नाही, पण मल्लक्काने सांगितलं. आई म्हणते, माझं चुकलं.

दिवाळीला येईन. तोवर माझी आठवण असू द्या.

आपली
अन्नपूर्णा