सारवण आणि डांबर

कोहका, मंगळवार, रात्र

"भेगा पडायच्या आधी सारवावं लागते, पोरी." लग्नानंतर गावच्या घरी आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, सांगितलेलं हे वाक्य आज सारखं आठवतंय. जमीन तर छान दिसतेय, मग शेण कशाला, असं मी विचारलं होतं.

आता तेच यांच्या कामाचं सूत्र झालंय. हे महापालिकेत इंजिनिअर. देखभालीचा पैसा थोडा, म्हणून जे रस्ते अजून शाबूत आहेत त्यांच्यावर आधी डांबराचा थर. आमची गल्ली पार उखडलेली, ती नव्यानंच बांधावी लागेल, म्हणून मागे. बरोबरच आहे. पण आईंची काठी दाराशी नुसती टेकलेली असते. गल्लीतल्या सुट्या गिट्टीवरून पाय घसरला तेव्हापासून त्या बुद्धविहारात गेलेल्या नाहीत.

आज जेवताना त्यांनी यांना धरलंच. "चांगल्या रोडवर डांबर टाकून राहिला बाबू, अन् माय तुले दिसत नाही?"

"आई, तूच तर शिकवलं. भेगा पडायच्या आधी."

"मी शेणाचं बोलली होती रे, डांबराचं नाही!"

तिघंही खूप हसलो. मग आई काठीकडे बघू लागल्या आणि हे ताटाकडे. किती सारखी आहेत दोघं! हट्टी, आणि खरी.

उद्या चहा देताना विचारणार आहे. स्वतःच्या दारापुढचं काम हे काढणार नाहीत, माहीत आहे. लोक काय म्हणतील... तरी. अहो, डांबर राहू द्या, विहारापर्यंत निदान मुरूम तरी टाकून द्या ना.