सूतभर अलीकडे थांबणारी हातोडी

चि. भाचेबुवांस,

तुझ्या आत्याच्या यजमानांचे अनेक आशीर्वाद. दुरुस्तीसाठी वाद्यांखाली आडवं पडून धरलेली तुझी कंबर एव्हाना सुटली असेल, सूनबाईंचा खोकलाही गेला असेल, असं धरून चालतो. इकडे आम्ही दोघं खुशाल. आजारी आहे तो पियानो.

गेल्या खेपेला तू त्या म्हाताऱ्याचं झाकण काढून मला आतला संसार दाखवलास. पट्टीचं पुढचं टोक दाबलं की मागचं वर येतं, त्यावरची उभी काडी हातोडीला ढकलते आणि हातोडी तारेवर आपटते, इतपत मी समजून घेतलं (पुढचं तू सांगत होतास तेव्हा मी नुसती मान डोलावत होतो; ही विद्या शिक्षकांनाही येते). मग एके दुपारी आत्या बाजारात गेलेली पाहून मी एक पट्टी अगदी सावकाश दाबली, तर हातोडी तारेच्या सूतभर अलीकडे थांबली आणि खाली पडली! दुसरीही तशीच. कारण कार्यापर्यंत पोचतच नाही, हे कुठल्या तर्कशास्त्रात बसतं? प्रत्येक काडीपाशी तिला आवरणारा एक स्क्रू दिसला. अठ्ठ्याऐंशीच्या अठ्ठ्याऐंशी फिरवून मी सगळ्या हातोड्या तारांना नीट भिडवल्या.

तेव्हापासून पियानोतून सूर निघत नाही, उशीवर बुक्की मारल्यासारखं 'ठप्' निघतं. आता उमगलं, की काडीनं ऐन वेळी निसटायचं असतं. शेवटचं सूतभर हातोडीनं आपल्या झेपेवर जायचं आणि तार छेडून लगेच मागे फिरायचं. भिडून बसली की तार घुसमटते. तीस वर्षं वर्गात निष्काम कर्म मी शिकवलं. आचरत होती ती हातोडी.

आत्या मात्र म्हणते, "अहो, माझी बोटंच गेली. आता पियानोच्या शिकवण्या बंद." मी म्हटलं, "वयोमानानं होतं." (का म्हटलं, विचारू नकोस.)

तुझा,
आतोबा

ता. क. सोमवारी ती विद्यार्थ्यांना कायमचा निरोप देणार आहे. त्याआधी सहज आल्यासारखा ये आणि स्क्रू पूर्ववत कर. तिला यातलं काही ठाऊक नाही.

आणखी ता. क. (अक्षर आत्याचं आहे.) पत्र टेबलावर उघडं टाकून हे फिरायला गेलेत. हातोड्यांच्या लोकरी गादीवर यांच्या शाईच्या बोटांचे ठसे मला पहिल्याच दिवशी दिसले. शिकवण्या मुलींच्या घरी जाऊन चालू आहेत. पियानो तू एका दिवसात बरा करशील रे, पण "वयोमानानं होतं" याला जरा वेळ लागेल. पुढच्या महिन्यात ये.