बरे होतील का?

९ फेब्रु.
वरच्या मजल्यावरची सुजाता आली. नाशिक रोडला एका खासगी इस्पितळात नर्स. इंग्लंडमधल्या नोकरीसाठी इंग्रजी बोलण्याची परीक्षा. मागच्या खेपेला थोडक्यात हुकली. आता नाही जमलं तर सासरचे पुन्हा बसू देणार नाहीत.
परीक्षक पेशंट होतो किंवा नातेवाईक. हिने नर्स व्हायचं. म्हणाली, "काकू, तुम्ही आजारी पडा." पडले.

११ फेब्रु.
तिकडचे पेशंट पुस्तकातलं बोलत नाहीत. उलटी झाली की थ्रो अप. शुद्ध हरपली की पास आउट. सु. भराभर उचलते.
आज मी पेशंटची बायको. विचारलं, विल ही पुल थ्रू? यातून निभावतील का?
येस येस, ही विल पुल थ्रू. हात माझ्या खांद्यावर.
अर्थ बरोबर. वाक्य बरोबर. आणि तरी.

१२ फेब्रु.
समजावताना अडखळले. आपल्याकडे 'होतील हो बरे' हा धीर. कुणी तो भाकीत म्हणून धरत नाही. नर्सच्या तोंडी इंग्रजीत तेच म्हणजे शब्द दिल्यासारखं.
सु. म्हणाली, "म्हणजे तिकडे धीरच द्यायचा नाही?"
इतकी वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं. हे कुणी विचारलं नव्हतं.

१५ फेब्रु.
ड्यूटीवरून थेट, युनिफॉर्ममध्येच. तोच प्रसंग. एकदा फार कोरडी, एकदा पुन्हा येस येस. स्वतःच हसते. म्हणे तोंडातून निघूनच जातं. आज सिन्नरच्या एका आजींनाही तेच सांगून आली.
चहावर साय धरली. मी थकले, ती नाही.
"काकांना परत अ‍ॅडमिट करा, काकू."
हे आत पेपर वाचत होते. म्हणाले, जरा हळू मारा.

१९ फेब्रु.
परीक्षा झाली. जिन्यातच गाठलं तिला.
प्रश्न आलाच. परीक्षक बाई पेशंटची मुलगी झाली होती. वडील पुल थ्रू करतील का? येस अगदी ओठांवर आलं होतं, म्हणाली.
"मग?"
"मी म्हटलं, आधी बसा."
नंतर सांगितलं, ते पुल थ्रू करतील का, मला माहीत नाही. पण मी त्यांच्याजवळ आहे, आणि तुम्हीही थांबा.
बाई क्षणभर पुढचं बोललीच नाही. ते चांगलं की वाईट, सु.ला कळेना. मलाही नाही. मी पूर्ण मार्क दिले असते. पण कागद माझ्या हातात नाही.
पास होईन का, विचारत होती. होशील हो पास, म्हणणार होते. म्हटलं, बस जरा.