होडीचे डोळे

किझिंगितिनी, ९ एप्रिल

प्रिय शालीभाऊ,

सलाम. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुझी पाठ कशी आहे? मालिंदीहून आलेला माणूस सांगत होता, तू परवा फुटबॉल खेळत होतास. खेळ हो, पाठीला चांगलं असतं.

तू पाठवलेली होडी पोचली. काय तो रंग! हिरवीगार, पांढरे काठ, नाकाडावर टपोरे पांढरे डोळे. ओमारी दिवसभर तिच्याभोवतीच घुटमळतो. लग्नात माझ्याकडेसुद्धा असं पाहिलं नव्हतं त्याने.

एकच विचारते, रागावू नकोस. उत्तरेच्या वाऱ्याचा शांत हंगाम सरला. आता दक्षिणेचा कुसी सुटलाय, खडकांच्या तोंडाशी लाटा फुटताहेत आणि लोक होड्या वर ओढून ठेवताहेत. भर हंगामात तू गप्प होतास, मग आत्ताच मेहुण्याचा एवढा पुळका कसा आला?

ओमारीला म्हटलं, थांब जरा. तर म्हणतो, "अगं, सगळ्यांच्या होड्या वर, मग सुरमई सगळी माझीच!"

"आणि अंगात घालायचं ते तरंगतं जाकीट?"

"मला समुद्र ओळखतो."

"ओळखतो म्हणूनच बोलावून घेईल," मी म्हटलं. तो हसला.

आपल्याकडे होडी देणारा पहिल्या फेरीला स्वतः बसतो. अब्बांनी होडी दिली तेव्हा अंगात ताप होता, तरी बसले. तू पाठीचं निमित्त कळवलंस, आणि ओमारी म्हणाला, "राहू दे, शाली काय परका आहे?" माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच.

काल तो नमाजाला गेला तेव्हा मी शिंपल्याने होडीचा डावा डोळा खरवडला. पांढऱ्याखाली काळा. उजवाही तसाच. भाऊ, ज्या होडीने माणूस गिळला तिचेच डोळे आपण काळे करतो, आणि ती किनाऱ्यावर कुजू देतो. मग वाकून तळ पाहिला. हातभर चीर, कापूस कोंबून वर डांबर फासलेलं. नखाने ओढला तर कापूस बाहेर आला. तो मी तसाच परत कोंबला.

तुझ्या शेजाऱ्याची होडी गेल्या कुसीत उलटली, दोघं गेले, हे तूच सांगितलं होतंस. तीच ना ही? मला माहीत नव्हतं असं म्हण, मी विश्वास ठेवायचा प्रयत्न करीन. पण माहीत नव्हतं तर पाठ कशाला दुखली?

ओमारीला अजून काही बोलले नाही. त्याचा तुझ्यावर फार जीव आहे. माझं ऐकलं तर खचेल, नाही ऐकलं तर बुडेल. म्हणून मी गावभर सांगून टाकलंय की शाली पहिल्या फेरीला स्वतः येतोय, तोवर होडीला हात लावायचा नाही. ओमारी खुशीत आहे. तुझ्यासाठी नारळाच्या दुधातला भात करायला सांगितलाय. होडीचे डोळे मी उरलेल्या रंगाने पुन्हा पांढरे केलेत.

तेव्हा ये. त्याच्या शेजारी बस आणि खडकांपलीकडे जाऊन दाखव. नाहीतर ये, आणि सगळ्या गावासमोर तिच्यावर कुऱ्हाडीचा पहिला घाव तू घाल.

उत्तर येईपर्यंत तुझीच बहीण,
म्वानाशा